खपलीची खीर आणि लोण्याचा मनोरा

गेल्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. तिसऱ्या रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या सोलापुरातील एक वृद्ध धर्मग्रामस्थ बाई पितळी डबा घेऊन आमच्या निवासस्थानी आल्या. सोबत पुण्यास शिकत असलेली त्यांची नात होती. डब्यात खपली गव्हाची खीर होती आणि तिच्यावर नातीने हौसेने डाळिंबाचे दाणे व मनुका पसरल्या होत्या. झाकण उघडण्यापूर्वीच ती म्हणाली, "फादर, ही खीर पूर्ण व्हीगन आहे. हिच्यात दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही." आजींना तो शब्द ठाऊक नव्हता. त्याचा अर्थ कळल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दूध हुतं कुठं, फादर? म्हस हुती, पर दूध समदं डेरीला जायचं. लेकरांच्या खिरीवर घालायला काय ऱ्हायचं न्हाई."

खीर एकच, पण नातीने ती निवडली होती आणि आजीवर ती परिस्थितीने लादली होती. या दोन वाक्यांमधील अंतर आम्हांस अस्वस्थ करून गेले. दूध-तुपाविना केलेल्या गोडधोडाचा इतिहास शोधू लागलो तेव्हा तो आमच्या शहराच्या दुष्काळांपर्यंत जसा गेला, तसाच आमच्या पवित्र ख्रिस्तसभेच्या उपवासनियमांपर्यंतही गेला. त्याची ही टिपणे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांसमच्छी तर नाहीच, परंतु दूध, अंडी, मध असे प्राण्यापासून मिळणारे काहीही घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. १९९४ पासून १ नोव्हेंबर हा दिवस त्या विचाराचे लोक जगभर पाळतात. त्याच दिवशी आपण सर्व संतांचा सण साजरा करतो. त्या संतमंडळींपैकी कितीतरी जणांनी वर्षातील बराच काळ याच प्रकारचे अन्न घेतले होते, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. शब्द नवा, जेवण जुने.

आता खपलीकडे वळू. हा गहू सोलापूर, सांगली, सातारा आणि लगतच्या कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले असते, मळणीने ते सुटत नाही. म्हणून तो कांडावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ याच गव्हाला एमर म्हणतात, आणि प्राचीन मिसर देशात जी भाकर भाजली जाई ती प्रामुख्याने याच गव्हाची. निर्गमाच्या नवव्या अध्यायात गारांच्या पीडेने जवस आणि सातू झोडपले गेले, पण गहू व आणखी एक उशिरा येणारे धान्य वाचले, असा उल्लेख आहे. त्या दुसऱ्या धान्याचे हिब्रू नाव 'कुस्सेमेत', आणि अनेक अभ्यासक ते एमर, म्हणजे आपली खपली, असे मानतात. यहेज्केल संदेष्ट्याला वेढ्याच्या दिवसांची खूण म्हणून जी मिश्र धान्यांची भाकर करण्यास सांगितले होते, तिच्यातही हे धान्य आहे. अंगणातल्या उखळात जे कांडले जात होते ते इतके जुने आहे, हे आमच्या आजींना कोणी सांगितले नव्हते, आम्हीही नाही.

या खिरीला सीमेवरच्या कानडीभाषक घरांत हुग्गी म्हणतात. करण्याची रीत सोपी, परंतु धीराची. खपलीला पाण्याचा हबका मारून थोडा वेळ ठेवायचे, उखळात हलक्या हाताने कांडायचे, सुपात पाखडून कोंडा काढायचा. रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दाणा बोटाने चेपेपर्यंत शिजवायचा. गूळ घालायचा तो त्यानंतरच. आधी घातला तर गहू पुढे शिजत नाही, दडदडीत राहतो. मग खसखस-खोबऱ्याचे वाटण, सुंठ, वेलदोडा, जायफळ, थोडे शेंगदाणे. दाटपणा येतो तो गव्हाच्या स्वतःच्या चिकाने आणि खसखशीने. ज्यांच्या घरी दुभते असे ते ताटात वाढल्यावर वरून दूध आणि तूप घालीत. गुळाच्या कढत खिरीत दूध घातले तर ते फाटण्याची भीती, म्हणून ते मुळातच वेगळे ठेवलेले असे. याचा अर्थ असा की, दूध हा या पदार्थाचा पाया कधी नव्हताच. ते ऐपतीचे लेणे होते.

ऐपत हा शब्द सोलापूरच्या संदर्भात सहज लिहिता येत नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारातील धान्य भुकेलेल्यांना वाटल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्याच मंगळवेढ्याची ज्वारी आज तिच्या भौगोलिक ओळखीसह नोंदली गेली आहे. पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांचा भीषण दुष्काळ आला. त्या काळात सर रिचर्ड टेम्पल यांच्या आग्रहाने दुष्काळी कामांवरील मजुराची रोजी दिवसाला सुमारे एक पौंड धान्याच्या किमतीपर्यंत खाली आणली गेली. इतिहासात ती 'टेम्पल वेतन' याच नावाने कुप्रसिद्ध आहे. पौंडभर धान्यावर दिवसभर खडी फोडणाऱ्याच्या घरी तुपाची धार कोठून येणार? १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली होती, १८७७ मध्ये येथे कापडाची पहिली गिरणी उभी राहिली, आणि दुष्काळाने उखडलेली माणसे भोंग्याच्या आवाजावर जगू लागली. १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सोलापुरात सुरू झाले, तेही या जमिनीचे दुखणे ओळखूनच. जवळच्या मोहोळ येथे मालदांडी ज्वारीतून निवडलेले 'एम ३५-१' हे वाण आजही रब्बीच्या शेतात उभे असते. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, अशी या पिकाची वाटणी असते.

अशा मुलखाने आपले गोड अन्न दुधावर बेतले नाही, यात नवल नाही. संक्रांतीस, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, शहरभर शेंगापोळी होते. शेंगदाणे खमंग भाजून, साले पाखडून, गुळाबरोबर कुटायचे, थोडे तीळ घालायचे, तेलाचे मोहन घातलेल्या कणकेत भरून पोळी लाटायची. आठ-दहा दिवस तिला काही होत नाही. मजेची बाब अशी की, सोलापूरची म्हणून मिरवणारी ही शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आलेल्या पाहुण्यांपैकी ती एक. नागपंचमीस ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेल्या पिठाचे, गुळात वळलेले तंबिटाचे लाडू. आणि नाताळापासून पुढे कोवळ्या ज्वारीचा हुरडा! आगटीत भाजलेले कणीस हातावर चोळून, दाणे फुंकून, गुळाच्या खड्याबरोबर खाल्ले की कोणत्याही हलवायाची आठवण होत नाही. आमच्याकडे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर केक कापला जातो, पण सकाळी शेतातून येणारी पिशवी हुरड्याची असते. गव्हाणीतल्या बाळाला सोलापुरी जमिनीने दिलेली ती भेट आहे, असे आम्हांस वाटते.

फळांचे म्हणाल तर अनुवादाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त भूमीची जी ओळख दिली आहे, तीत गहू, सातू, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध ही नावे येतात. हा मध बहुधा खजुराचा पाक असावा, असे पंडितांचे मत आहे. जैतून वगळता यांतील बहुतेक गोष्टी आमच्या परिसरातील माणसाला अपरिचित नाहीत. सांगोल्याच्या माळावर डाळिंब पिकते, आणि २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच स्थापन झाले. सोलापूरजवळच्या नान्नजचे द्राक्षबागायतदार नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या लांबट मण्याच्या वाणाचे नाव 'सोनाका'. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे त्यात गुंफली आहेत. पंढरपूरच्या बाजूस द्राक्षे सावलीत, जाळ्यांच्या मांडणीवर सुकवून बेदाणा करतात. अबीगईलने संतप्त दावीदाला शांत करण्यासाठी गाढवांवर जे लादून नेले, त्यात मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा होत्या. फळ सुकवून, दाबून त्याची मिठाई करणे ही साखरेपूर्वीची कला आहे. आपल्या वसईच्या बांधवांनी राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून 'सुकेळी' या नावाने ती जपली आहे. तीत फळ आणि ऊन यांखेरीज तिसरे काही नाही.

येथवर गरिबीचा इतिहास झाला. आता उपवासाचा.

आज प्रायश्चित्तकाळात आपण शुक्रवारी मांस वर्ज्य करतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु प्राचीन ख्रिस्तसभेत महाउपवासाचा अर्थ अधिक कडक होता. मांसाबरोबर दूध, लोणी, चीज आणि अंडीही वर्ज्य असत. जे मांसातून येते तेही मांसाच्याच वर्गातले, असा त्यामागील विचार. कॉन्स्टँटिनोपल येथे ६९२ मध्ये भरलेल्या धर्मसभेने, प्रायश्चित्तकाळातील शनिवार-रविवारी अंडी व चीज खाणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. मध्ययुगीन युरोपच्या स्वयंपाकघरात या काळात गाईच्या दुधाऐवजी बदामाचे दूध वापरले जाई. आमच्या धर्मग्रामातील तरुण मुले बदामाच्या दुधाची खोकी विकत आणतात आणि ती परदेशी नवलाई समजतात, तेव्हा त्यांना हे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

हा नियम भूमध्य सागराच्या काठी सोपा होता, कारण तेथे जैतुनाचे तेल होते. उत्तरेकडे मात्र लोणी हेच तेल. तेथील लोकांनी सवलत मागितली आणि सवलतीबरोबर दानाची अपेक्षाही आली. फ्रान्समधील रूआँ येथील महामंदिराचा एक उंच मनोरा पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभारण्यास प्रारंभ झाला. प्रायश्चित्तकाळात लोणी-दूध खाण्याच्या मुभेच्या बदल्यात भाविकांनी दिलेल्या पैशातून तो बांधला गेला, म्हणून आजही त्याला 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीकरांना लोणी वापरण्याची परवानगी दिल्याचे सांगतात, आणि ड्रेस्डेन येथील नाताळच्या प्रसिद्ध सुक्या फळांच्या पावाची चव तेव्हापासून सुधारली म्हणे! १५२० मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी या व्यवहारावर जळजळीत टीका केली. रोममधील लोक जे तेल आपल्या जोड्यांना लावणार नाहीत ते आम्हांला खायला लावतात आणि मग लोणी खाण्याचे स्वातंत्र्य आम्हांलाच विकतात, असा तिचा आशय होता.

सेमिनरीत धर्मकायदा शिकताना ही हकिकत ऐकून आम्ही सारे विद्यार्थी हसलो होतो. आज हसू येत नाही. ज्याच्याकडे पैसा होता त्याचा उपवास हलका झाला आणि ज्याच्याकडे नव्हता तो नियम पाळीत राहिला. आणि ज्याच्या घरी मुळात लोणीच नव्हते त्याची गणना ना उपवास करणाऱ्यांत झाली, ना सवलत घेणाऱ्यांत. पुढे नियम क्रमाने सैल होत गेले. १९१७ च्या धर्मकायदासंहितेने मांसवर्जनाच्या दिवशीही दूध व अंडी यांना मोकळीक दिली. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताच्या शिस्तीची नव्याने मांडणी करताना प्रार्थना आणि दयाकृत्ये यांवर भर दिला. ते योग्यच झाले. पण पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी जुनी रीत सोडली नाही, आणि तिच्या सोबत काही सुंदर गोड पदार्थही टिकले.

त्यांतील एकाचे नाव कोलिवा. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियन याने ख्रिस्ती लोकांच्या उपवासात बाजारातील अन्नावर मूर्तींना वाहिलेल्या बळींचे रक्त शिंपडण्याची आज्ञा केली, तेव्हा हुतात्मा संत थिओडोर यांनी स्वप्नात येऊन लोकांना सांगितले की, बाजारातून काही आणू नका, घरीच गहू शिजवून खा. अशी परंपरेची कथा आहे. त्या स्मरणार्थ प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या शनिवारी, आणि एरवी मृतांच्या स्मरणविधींत, अख्खा गहू शिजवून त्यात साखर, मनुका, अक्रोड-बदाम आणि डाळिंबाचे दाणे घालून तो आशीर्वादित करतात व वाटतात. जमिनीत पडून मरणाऱ्या आणि पुष्कळ पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू जे बोलला, त्याची ती खाण्याजोगी खूण आहे. आमच्या पुढ्यातील पितळी डब्यात शिजलेला गहू होता, मनुका होत्या, डाळिंब होते. त्या मुलीने कोलिवाचे नाव ऐकले नव्हते. तिने केवळ घरात होते ते घातले.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. केरळातील संत थोमाच्या परंपरेतील घरांत पवित्र गुरुवारी रात्री बेखमीर पेसहा अप्पम मोडला जातो आणि त्याबरोबर गूळ व नारळाच्या रसाचे गोड 'पाल' दिले जाते; पाल म्हणजे दूध, पण ते नारळाचे. आमच्या धर्मग्रामात रेल्वे आणि गिरण्यांच्या निमित्ताने आलेल्या गोवेकर घरांत नाताळास दोदोल होते, ते तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ यांचे, तासन्‌तास घोटलेले. पेरूचा गर साखरेत आटवून पेराड होते. १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या होतात. याच गोव्यात अंड्यांच्या बलकांनी आणि तुपाने ओथंबलेली बेबिंकही आहे. एका ताटात पोर्तुगीज मठांचा वारसा आणि कोकणच्या माडाचा वारसा शेजारी शेजारी नांदतात. 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५७९ मध्ये गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात माडाचे कौतुक केले आहे: हे एकच झाड तेल, पेय, पाक, साखर आणि शिरका देते. परक्या देशात उतरून थोडेच दिवस झालेल्या तरुणाने नेमके काय हेरले पाहा!

परंतु त्याच गोव्यात १७३६ मध्ये धर्मन्यायासनाने काढलेल्या जाहीरनाम्यात, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्यासही ख्रिस्ती लोकांना मनाई केली होती. स्वयंपाकघरात डोकावून माणसाची श्रद्धा मोजण्याचे हे पाप आपल्या माणसांकडून घडले आहे. म्हणूनच आज कोणी दूध-अंडे वर्ज्य करण्याला पावित्र्याची पायरी समजू लागला तर आम्हांस सावध व्हावेसे वाटते. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने सर्व अन्न शुद्ध ठरवले आहे, आणि योप्पा येथे छतावर पेत्राला झालेला दृष्टान्त त्याचाच विस्तार आहे. आपल्या समाजात तर 'कोण काय खातो' या प्रश्नामागे 'कोणाच्या घरचे पाणी चालते' हा प्रश्न दबा धरून बसलेला असतो. ज्यांच्या वाडवडिलांनी तो प्रश्न सोसला, त्यांच्या नातवंडांनी नव्या नावाने तोच विचारू नये.

त्या मुलीशी आम्ही हे बोललो. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली की, तिला शुद्धाशुद्धाशी कर्तव्य नाही. वासराच्या वाट्याचे दूध काढून घेणे तिला पटत नाही, एवढेच. हे म्हणणे प्रामाणिक आहे. पण तिच्या आजीने म्हशीच्या त्याच दुधावर तिच्या वडिलांची फी भरली, हेही तितकेच खरे. २०१२-१३ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडील माणसे जनावरांसाठी चारा छावणीत महिनोन्‌महिने उघड्यावर राहिली. ते प्रेम होते की हिशेब, हे त्यांना विचारले असते तर प्रश्नच कळला नसता. आमचे मत विचाराल तर, उपवास म्हणून, करुणा म्हणून, आरोग्य म्हणून कोणी दूध सोडावे; परंतु दूध विकून जगणाऱ्याकडे वरून पाहू नये.

आणखी एक कबुली द्यावयाची राहिली. तीन वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणाचा बेत ठरत असताना याच आजींनी खपलीची खीर सुचवली होती. बाहेरचे पाहुणे येणार, खीर बरी दिसणार नाही, असे म्हणून आम्ही बासुंदी ठरवली. आजी काही बोलल्या नाहीत. आज कळते की आम्हीही एक लहानसा लोण्याचा मनोरा त्या दिवशी बांधला होता.

यंदाच्या सणाचा बेत महिलामंडळाने आमच्याकडून काढून घेतला आहे. वीस किलो खपली, तेवढाच गूळ, खसखस, खोबरे, वर डाळिंब. दुधाचे पातेले वेगळे ठेवायचे, ज्याला हवे त्याने घ्यावे, असे नातीने फोनवरून कळवले आहे. कांडलेली खपली आता पिशवीत तयार मिळते, पण आजींचा तिच्यावर विश्वास नाही. थोडी तरी घरी कांडायचीच, असा त्यांचा हट्ट आहे. वस्तीत उखळ शोधले तर एकाचेही शिल्लक नव्हते. शेवटी मंदिराच्या आवारात, लिंबाखाली पाखरांच्या पाण्यासाठी ठेवलेले दगडी भांडे कोणीतरी उलथून पाहिले, तर ते उखळच निघाले. ते घासून, धुऊन उन्हात ठेवले आहे, आणि पाखरांसाठी दुसरी कुंडी आणली आहे.